कपडा उलटा करून बघा

डोंबिवली पूर्वेला माझं अल्टरेशनचं छोटं दुकान आहे. नवे कपडे मी फारसे शिवत नाही. माझ्याकडे येतात ते दुसरीकडून घेतलेले कपडे: हिंदमाताला घेतलेले ड्रेस, उल्हासनगरच्या जीन्स, मॉलमधले शर्ट, मोबाइलवरून मागवलेल्या कुर्ती, सुरतेच्या साड्यांवरचे तयार ब्लाउज. कुणाला उंची कमी करून हवी असते, कुणाला कंबर सैल. त्यासाठी शिलाई उसवावी लागते, आणि शिलाई उसवली की त्या कपड्यात कुणी मन लावून काम केलं आणि कुठे हात आखडता घेतला, ते सगळं दिसतं. दुकानातल्या आरशासमोर ते दिसत नाही. बाहेरून सगळेच नवे कपडे देखणे असतात.

हे बघत बघत माझं एक मत पक्कं झालं आहे. जो कपडा दुरुस्त करता येतो, तोच खरा स्वस्त. त्याची किंमत तीनशे असो नाहीतर तीन हजार.

एक साधं गणित मांडते. समजा, ४५० रुपयांचा एक शर्ट घेतला. पंचवीसेक धुण्यांत कॉलरवर फुगे आले, रंग उतरला आणि तो घरात घालायचा झाला. एकदा घालण्याला १८ रुपये पडले. दुसरा शर्ट ११०० रुपयांचा. मधे बटणं बदलली, झिजलेली कॉलर उलटवून घेतली, त्याला शंभरेक रुपये गेले, आणि तो सव्वाशे वेळा घालून झाला. एकदा घालण्याला दहा रुपयेसुद्धा पडले नाहीत. मात्र यावरून ‘महाग ते चांगलं’ असं कुणी समजू नये. चार-पाच हजारांच्या पार्टीवेअर ड्रेसमध्ये मला आत पाव इंचसुद्धा कापड सापडत नाही, आणि रस्त्यावरच्या दुकानातल्या तीनशेच्या कुर्तीत कधी कधी इंचभर सापडतं. म्हणून किमतीच्या चिठ्ठीआधी आतली बाजू बघायची.

आत किती कापड ठेवलंय?

शिलाईच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवलेलं असतं, त्याला आम्ही मार्जिन म्हणतो. घरोघरच्या शिवणाऱ्या बायका ब्लाउजच्या दोन्ही कुशीत इंच-दीड इंच मार्जिन हमखास ठेवतात. म्हणूनच लग्नातला ब्लाउज दहा वर्षांनी भाचीच्या लग्नात उसवून घालता येतो. रेडिमेडमध्ये कापड वाचवायचं असतं. हजारो नगांच्या मालात प्रत्येक नगामागे चार बोटं कापड वाचलं, तर कारखान्याचे बरेच पैसे वाचतात. त्यामुळे शिलाईला लागूनच कापड छाटून ओव्हरलॉक मारलेलं असतं. असा ड्रेस घेऊन एखादी काकू येते आणि म्हणते, “ताई, फक्त अर्धा इंच सैल कर गं.” मी तिला काय देणार? आत काही असेल तर बाहेर काढता येईल.

म्हणून दुकानात कपडा हातात आला की आधी उलटा करा. कुशीची शिलाई, पँटची मागची मधली शिलाई आणि खालची दुमड, या तीन जागा बघा. पँटच्या मागे एक-दीड इंच मार्जिन असेल, तर कंबर पुढची काही वर्षं तुमच्याबरोबर वाढू शकते. लहान मुलांच्या गणवेशात तर हे सगळ्यात महत्त्वाचं. पँट आणि स्कर्टच्या तळाला दोन इंच दुमड असली, की मूल उंच झालं तरी तेच कपडे पुढच्या वर्षी चालतात. जूनमध्ये आईवडील गणवेशाचा रंग आणि बिल्ला बघतात, दुमड बघायची राहून जाते.

टीप, बटण, कॉलर

मग टीप बघायची. अंगठ्याच्या पेराएवढ्या जागेत, म्हणजे साधारण इंचभरात, किती टाके आहेत ते मोजा. चांगल्या शर्टात बारा किंवा त्याहून थोडे जास्त असतात. घाईच्या मालात सात-आठवर भागवलेलं असतं, कारण टाका लांब घेतला की मशीन भराभर पुढे सरकते आणि दिवसाला जास्त नग निघतात. मग शिलाईच्या दोन्ही बाजू धरून हलकेच ताणा. मधून उजेड दिसला किंवा टाक्यांच्या शिड्या दिसल्या, तर ती शिलाई बसता-उठता उसवणार. शर्टाच्या कुशीत कापडाची कड आत दुमडून वरून दुहेरी टीप मारलेली असेल, तर डोळे झाकून घ्या. असली शिलाई उसवायला मलासुद्धा वेळ लागतो.

बटण हाताने फिरवून बघा. एकेरी दोऱ्याच्या साखळी टाक्याने लावलेलं बटण दोऱ्याचं एक टोक ओढलं की सगळंच सुटून हातात येतं. काजाच्या कडेने दोरे पिंजलेले दिसले, तर ते काज थोड्याच दिवसांत फाटणार. आतल्या पट्टीला जादा बटण टाचलेलं असणं ही चांगली खूण. हा कपडा टिकणार आहे, असं शिवणाऱ्यानेच गृहीत धरलेलं असतं.

कॉलरच्या आत चिकटवलेला कॅनव्हास असतो. चांगल्या-वाईट दोन्ही शर्टांत तो असतो, फरक चिकटवण्यात असतो. कॉलर चिमटीत धरून दोन थर एकमेकांवर सरकवून बघा. सुटे सरकले, तर पहिल्या काही धुण्यांत कॉलरवर फुगे येणार, आणि त्यावर इस्त्रीचा इलाज नाही. कॅनव्हास नीट बसलेला असेल, तर मानेशी झिजलेली कॉलर उसवून, उलटी करून पुन्हा लावता येते. आमच्या आधीच्या पिढीतले शिंपी हे नेहमी करायचे. आजही होतं, आणि शर्टाला नवं आयुष्य मिळतं.

कापड हाताला विचारा

महाराष्ट्रात कापडाला तोटा नाही. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये सुरू झाला. भिवंडी आणि मालेगावातही यंत्रमागांचा खडखडाट चालूच असतो. मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडावर पुढे धुलाई, रंगाई, खळ अशा प्रक्रिया होतात, आणि गिऱ्हाइकाची फसगत बहुतेक वेळा या खळीत होते. विरळ विणीच्या सुती कापडाला भरपूर खळ दिली, की ते दुकानात जाडजूड, कडक लागतं. पहिल्या धुण्यात खळ जाते आणि हातात मलमलीसारखं पातळ फडकं उरतं. कापडाचे दोन पदर एकमेकांवर जोरात चोळा. पांढरी पूड निघाली तर ती खळ. मग कापड उजेडासमोर धरा. वीण सगळीकडे सारखी आणि दाट असायला हवी.

सुताचा नंबर जितका मोठा, तितकं सूत बारीक. विक्रेता ऐंशीचं सूत, शंभरचं सूत सांगतो, ते मऊ आणि तलम असतंच. पण लोकलने रोज प्रवास करणाऱ्याच्या खांद्यावर बॅगेचा पट्टा घासत असतो. त्याला चाळीसच्या आसपासच्या सुताचा, घट्ट विणीचा शर्ट जास्त टिकतो. तलम कापड समारंभासाठी ठेवा. टी-शर्टचं वजन जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम. १८० च्या आसपासचा टी-शर्ट अंगावर नीट बसतो. १३०-१४० चा हाताला हवाहवासा वाटतो, पण लवकर आकार सोडतो. टी-शर्ट खांद्याला धरून लटकवून बघा. कुशीची शिलाई सरळ खाली उतरायला हवी. ती दुकानातच पोटाकडे वळलेली असेल, तर धुतल्यावर आणखी फिरेल, आणि ती सरळ करणं कुणाच्याच हातात नाही.

सध्या सगळ्यात जास्त तक्रारी येतात त्या रेयॉनच्या कुर्तींच्या. रेयॉन झाडाच्या लगद्यापासून बनतं. अंगाला गार लागतं, झुळझुळीत पडतं, रंगही छान धरतं. पण ओलं झालं की त्याची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. त्यामुळे ब्रशने घासलं, पिळलं, की शिलाईपाशी विरतं. शिवाय ते आटतं. घ्यायला हरकत नाही, पण थोडी मोठी घ्या आणि हलक्या हाताने धुवा. विक्रेता त्यालाच ‘कॉटन’ म्हणाला, तर आतल्या शिलाईवरची बारीक अक्षरांतली पट्टी वाचा. घरी आलेल्या कपड्याचा संशय असेल, तर आतल्या कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरा आणि ताटलीवर जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख होते. पॉलिस्टर वितळतं आणि कडक मणी उरतो. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. रेयॉन मात्र सुतासारखंच जळतं, त्यामुळे त्या दोघांचा निवाडा ही परीक्षा करत नाही. तिथे पट्टीच वाचायची.

ताणणाऱ्या जीन्सबद्दलही बोलायला हवं. थोडा ताण असला तर बसता-उठता बरं पडतं. पण खूप ताणणारी जीन्स असेल, तर काही महिन्यांत आतले रबरी धागे तुटतात आणि गुडघ्याला फुगा येतो. त्याला रफू नाही, ठिगळ नाही. जाड सुती डेनिम मांडीत विरली, तर आतून कापड लावून मी ती आणखी दोन वर्षं चालती करून देते.

खांदा आधी

कुठलं माप दुरुस्त होतं आणि कुठलं नाही, हे माहीत असलं की निम्मे पैसे वाचतात. उंची कमी होते, कंबर आणि कूस आत घेता येते, बाही आखूड होते. खांदा आणि मुंडा मात्र चुकला, तर अख्खी बाही उसवून पुन्हा बसवावी लागते. त्याची मजुरी परवडत नाही आणि बसतंही तसं नाही. पँटचं आसन चुकलं असेल तर तेच. म्हणून घालून बघताना आधी खांद्याची शिलाई खांद्याच्या हाडावर येते का बघा. हात वर करा, पुढे घ्या. पँट घालून खाली बसून बघा. खांदा आणि आसन बरोबर बसलं, तर बाकीचं शे-दोनशेत होतं. सेलमध्ये एक माप मोठा ड्रेस ‘करून घेऊ लहान’ म्हणून घेतला जातो, आणि दुरुस्तीची मजुरी धरून तो मूळ किमतीला जाऊन बसतो.

मीटरवर कापड घेताना पन्हा बघा

शिवून घेणं महाग पडतं, असा समज आहे. मजुरी वाढली आहे, हे खरं. पण शिवून घेतलेल्या कपड्यात मार्जिन तुमच्या मर्जीचं असतं आणि कापड तुम्ही निवडलेलं असतं. मंगलदास मार्केट, हिंदमाता, उल्हासनगरचं गजानन मार्केट किंवा पुण्यातला लक्ष्मी रोड, कुठेही जा, मीटरच्या भावाबरोबर पन्हा विचारायला विसरू नका. फुल शर्टाला ३६ इंची पन्ह्याचं कापड साधारण अडीच मीटर लागतं, ५८ इंचीचं १.६ मीटर पुरतं. पहिलं १५० रुपये मीटर असेल तर ३७५ रुपये झाले. दुसरं २२० रुपये मीटर असूनही ३५२ रुपयेच होतात. मीटरचा भाव जास्त आणि शर्ट स्वस्त. सुती कापड शिवायला टाकण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत वाळवा. आटायचं ते आधीच आटू द्या.

पैसे जातात कुठे?

२०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये आहे, म्हणजे किलोला ८१. सरकी काढल्यावर त्यातून एक तृतीयांशाच्या आसपास रुई निघते. अडीचशे ग्रॅमच्या सुती शर्टाला सूतकताईतली आणि कापणीतली नासाडी धरून साधारण किलोभर कापूस लागतो. म्हणजे पाचशेच्या शर्टात आणि अडीच हजारांच्या शर्टात, दोन्हींत यवतमाळच्या शेतकऱ्याचा कापूस ऐंशीएक रुपयांचाच. बाकीचे पैसे सूत, विणाई, रंगाई, शिलाई, दुकानाचं भाडं, जाहिरात आणि पुढे द्यायची सूट यांत वाटले जातात. यातली विणाई, रंगाई आणि शिलाई एवढीच तुमच्याबरोबर घरी येते. तीच तपासायची.

सेलची गणितं शांतपणे करा. ‘५० टक्के अधिक २० टक्के’ म्हणजे ७० नव्हे, ६०. कारण वीस टक्के उरलेल्या निम्म्यावर मिळतात. ‘दोनवर एक फुकट’ म्हणजे ३३ टक्के, आणि तेही तीन कपड्यांची गरज असेल तरच. हंगाम संपतानाचे सेल साधारण जानेवारी-फेब्रुवारीत आणि जुलै-ऑगस्टमध्ये लागतात. सुती शर्ट, पँट, परकर, मुलांचे रोजचे कपडे, जे वर्षभर लागणारच आहे, ते तेव्हा घ्या. पितृपक्षात बरेच लोक खरेदी टाळतात, दुकानं रिकामी असतात आणि विक्रेत्याला दहा कपडे उलटे करून दाखवायला वेळ असतो. ज्यांना चालतं, त्यांनी तेव्हा जावं.

कराचाही विचार करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्यापुढच्या कपड्यावर १८ टक्के. कर सोडून २५०० चा ड्रेस २६२५ ला पडतो, २६०० चा ३०६८ ला. शंभर रुपयांच्या फरकाचे चारशे त्रेचाळीस होतात. छापील कमाल किंमत सगळे कर धरूनच असते, त्या किमतीवर आणखी कर कुणी मागू शकत नाही.

पक्कं बिल घ्याच. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं बिलावर छापलेलं असलं, तरी सदोष मालाला ते लागू होत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष वस्तू बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. दुकानदार ऐकत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. मोबाइलवरून मागवलेला कपडा टॅग न काढता उलटा करा आणि वर सांगितलेल्या सगळ्या जागा परत पाठवण्याच्या मुदतीतच बघून घ्या.

पैठणीसुद्धा उलटीच बघा

मोठी रक्कम घालताना हीच सवय सगळ्यात जास्त कामी येते. येवल्याच्या हातमागावरच्या खऱ्या पैठणीत पदरावरचे मोर आणि वेलबुट्टी विणकर एकेक रंगाचा धागा हाताने गुंफून विणतो. त्यामुळे पदर मागूनही जवळजवळ पुढच्यासारखाच नेटका दिसतो. यंत्रावरच्या साडीत मागच्या बाजूला एका बुट्ट्यापासून दुसऱ्यापर्यंत सुटे धागे लोंबतात किंवा कापलेल्या धाग्यांची टोकं दिसतात. यंत्रावरची साडी घेण्यात वाईट काही नाही, फक्त ती यंत्राच्या भावात मिळायला हवी. रेशमाच्या खात्रीसाठी सिल्क मार्क आहे, हातमागासाठी हँडलूम मार्क आहे. ते लेबल मागून घ्या. महिनोन्महिने मागावर बसणाऱ्या विणकराला त्याचे पैसे मिळायचे असतील, तर खऱ्या-खोट्यातला फरक गिऱ्हाइकाला कळायलाच हवा.

माझ्याकडे येणाऱ्या नव्या मुलींना मी हेच सांगते. स्वस्त कपडा मिळाला याचा आनंद जरूर माना, पण तो कपडा एखाद्या शिवणाऱ्या बाईने भराभर नग काढायच्या दडपणाखाली शिवला असेल, तर त्याची खूण आतल्या लांब टाक्यांत राहतेच. चार महिन्यांत फेकायचा कपडा तिच्याही हाताचं चीज करत नाही आणि तुमच्याही पैशाचं. दुकानात उभं राहून “दादा, आत मार्जिन किती आहे?” असं विचारायला लाजू नका. विक्रेता पहिल्यांदा गोंधळेल. हाच प्रश्न दिवसातून दहा गिऱ्हाइकांनी विचारला, की तो माल आणताना व्यापाऱ्याला विचारेल आणि व्यापारी कारखान्याला. बाहेरची बाजू सुंदर असावी, हा आग्रह गिऱ्हाइकांनीच धरला आणि तो पूर्ण झाला. आतल्या बाजूचा आग्रहही आपणच धरायचा आहे.